बुरुलबाईंच्या हातच्या काकड्या

व्याह्यांनी मुरवलेल्या काकडीचा तुकडा उचलला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा बशीच्या कडेला ठेवून दिला. मग बोटं पुसत म्हणाले, "दुकानातली दिसते." एवढंच. पण तोक्तोसून सरांच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती व्याही टोकमोकला घरी पोचले तरी उतरायला तयार नव्हती.

बरं, व्याही टाकून बोलले असते तर सरांनाही दोन शब्द सुनावता आले असते. पण शामशी व्याही बोलले ते अगदी मायेनं. सरांच्या बायकोच्या, बुरुलबाईंच्या, प्लास्टरमधल्या उजव्या हाताकडे कनवाळू नजर टाकत बोलले. म्हणजे बाईंचा हात मोडलाय, मग या घरात दुकानातलंच वाढणार, त्यांना तरी काय बोल लावायचा, असा एकूण सूर. सरांच्या मते सभ्य माणसाचा याहून मोठा अपमान करता येत नाही. त्यात व्याह्यांचं टोकमोकला स्वतःचं घर, घरामागे बाग, बागेखाली तळघर आणि तळघरात भिंतभर बरण्या. आमची बायको, काकेन, हिवाळाभर दुकानाची पायरी चढत नाही, हे त्यांनी जेवताना सांगितलं, आणि चहा पिताना कोणी विचारलं नसताना परत सांगितलं.

सरांची एकुलती एक मुलगी नुरझात त्याच उन्हाळ्यात व्याह्यांच्या घरात दिली होती. आता पानं पिवळी व्हायला लागली की तिला पहिल्या माहेरपणाला घेऊन सासरची सगळी फौज बिश्केकला येणार. आत्या, काकवा, चुलत सासवा, सगळ्या. त्या दिवशी दस्तरखानावर, पाहुण्यांपुढच्या जेवणाच्या मांडणीत, पुन्हा दुकानातली काकडी दिसली तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. सर हे पोरीच्या काळजीपोटी म्हणत होते. निदान बायकोला सांगताना तरी तसंच म्हणत होते.

"यंदा आंबटगोड काकड्या मी घालणार," सरांनी जाहीर केलं.

बुरुलबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं चुकलं. हसल्या असत्या तर सर चिडून बाहेर फिरायला गेले असते आणि विषय तिथेच मिटला असता. त्या म्हणाल्या, हरकत नाही, मी खुर्चीवर बसून सांगते तसं करा. हे मात्र सरांना झोंबलं. सर इंजिनियरिंगच्या पोरांना पदार्थांची मजबुती शिकवतात. कुठला गज किती ओझ्याखाली वाकेल आणि कुठली तुळई कधी तुटेल, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. काकडी झाली तरी शेवटी एक पदार्थच. त्यांनी बुरुलबाईंना बजावलं, की माझ्या हाताखाली शिकलेली पोरं देशभर पूल बांधतायत, मला बरणीभर काकड्यांसाठी खुर्चीवरून सूचना नकोत. बाई बरं म्हणाल्या आणि त्यानंतर खरोखरच गप्प बसल्या. इतक्या गप्प, की सरांना त्याचाही राग यायला लागला.

ओश बाजारातून सर गोणभर काकड्या घेऊन आले. लांब, तुकतुकीत, एका मापाच्या, बघत राहावं अशा. इमारतीच्या दारातल्या बाकावर क्लावदिया येगोरोव्ना बसली होती. ही म्हातारी सरांच्या बरोबर खालच्या घरात राहते, आणि तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्या जिन्यात मांजरसुद्धा चढत नाही. तिनं गोणीत हात घातला, एक काकडी काढून काडकन मोडली आणि तोंडाला पदराचा बोळा लावावा तसा डोक्याचा रुमाल लावून हसत सुटली. तिचं म्हणणं, ही कोशिंबिरीची काकडी. बरणीत घातलीस तर पंधरवड्यात चिखल होईल. लोणच्याची काकडी आखूड असते, खरखरीत असते, तिला काळे काटे असतात, आणि हे अंगणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सर म्हणाले, मला ठाऊक आहे, या मुद्दाम कोशिंबिरीसाठीच आणल्यात. मग हे खरं करून दाखवण्यासाठी घरात आठवडाभर नुसती कोशिंबीर झाली. सर प्रत्येक घास असा चावत होते, जणू तो क्लावदियाच्याच नाकाचा आहे.

दुसऱ्या खेपेला काटेरी काकड्या आल्या, शेपूचे तुरे आले, लसूण, मिरी, चेरीची पानं आली. फक्त बरण्या नव्हत्या. म्हणजे बुरुलबाईंच्या मालकीच्या तीन-तीन लिटरच्या बरण्या रग्गड होत्या, पण त्या सगळ्या जिनाभर पसरलेल्या. बाई दर हिवाळ्यात कुणाला ना कुणाला भरली बरणी द्यायच्या आणि बरणी तिकडेच राहायची. सर दारोदार वसुलीला निघाले. आता आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करायची रीत नाही. करणाऱ्याचं घर त्यामुळे रिकामं होतं, असं मानतात. सर म्हणायचे, मला रिकामीच हवी आहे. समोरची बाई म्हणायची, शोभतं का ते, उद्या पाठवते. आणि उद्या ती पाठवायची. क्लावदियाकडची बरणी आंबवलेल्या कोबीनं गच्च भरून आली. वरच्या मजल्यावरच्या साइरानं, ती दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी मुसलमानांपैकी, लसूण घातलेला लाल मिरचीचा ठेचा भरून दिला, जो चमचाभर पुरे असतो. गृहसमितीचे अध्यक्ष एर्गेशोव यांच्या घरून जर्दाळूचा मुरांबा आला. सरतेशेवटी सगळ्या बरण्या घरी परत आल्या, आणि एकही रिकामी नव्हती.

एवढा कोबी आणि एवढा मुरांबा दोन माणसांनी खाणं शक्य नव्हतं. टाकून देणं तर त्याहून शक्य नव्हतं. सरांनी तो बादल्यांत, पातेल्यांत, शेवटी बुरुलबाईंच्या लग्नातल्या सूप वाढायच्या भांड्यात ओतून ठेवला. मग झाकणं शोधायला पुन्हा बाजार. सगळं शहर एकाच महिन्यात बरण्या भरतं, त्यामुळे पत्र्याच्या झाकणांसाठी बायका एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या. त्या गर्दीत सरांच्या कोटाचं बटण तुटलं आणि त्यांना एका बाईनं, ओ काका, तुमच्या घरात बायका नाहीत का, असं विचारलं. घरी येऊन सर तिला बराच वेळ सुनावत होते.

अखेर न्हाणीघरातल्या टबात काकड्या भिजल्या, चुलीवर पातेलं चढलं, आणि नळ गेला. नळदुरुस्तीची सूचना म्हणे दारावर आठवडाभर लावलेली होती. पण एर्गेशोव अध्यक्ष दारावर रोजच काहीतरी डकवतात, कुत्र्यांबद्दल, सायकलींबद्दल, जिन्यात थुंकण्याबद्दल. सरांनी त्यांची सूचना वाचणं तत्त्व म्हणून सोडून दिलं होतं. त्या तत्त्वापायी सर मागच्या गल्लीतल्या पंपावरून बादल्या वाहत होते आणि बाकावरून क्लावदिया, सांडू नकोस रे, म्हणत होती.

पाणी आलं तशा सल्लागारही आल्या. क्लावदिया म्हणे प्रत्येक बरणीत ॲस्पिरिनची गोळी टाक, नाहीतर बरणी फुटते. साइरा म्हणे गोळी कशाला, काकड्यांना काय ताप आलाय, व्हिनेगर वाढवा आणि साखर मोजू नका. साखर न मोजता ओतायची ही भाषा क्लावदियाला सहन होईना. दोघी सरांच्या स्वयंपाकघरात, सरांच्या पातेल्यासमोर, सरांना कोपरानं बाजूला सारून भांडायला लागल्या. बुरुलबाई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. मधेच त्यांचं तोंड उघडलं आणि सरांनी डोळे वटारताच मिटलं. सरांनी मग दोघींनाही ओरडून बाहेर काढलं, साखर आणि व्हिनेगर आपल्या जिभेला विचारून घातलं, गोळीबिळी काही टाकली नाही, आणि वाफेवर बरणी धरताना उजव्या हाताची बोटं भाजून घेतली. झाकणं दाबून बसवलेल्या बरण्या त्यांनी पालथ्या करून हिवाळ्याच्या कोटात आणि रजईत गुंडाळल्या. इतक्या जपून तर त्यांनी नुरझातलाही कधी गुंडाळलं नव्हतं.

बरण्या दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटात ठेवल्या, कारण स्वयंपाकघरात कोबी होता. एका दुपारी चहा पिताना पहिली बरणी फुटली. सर उठेपर्यंत तिच्या धक्क्यानं शेजारचीही गेली. काकड्यांचं पाणी पुस्तकांवरून जमिनीवर, जमिनीतून खाली. थोड्याच वेळात क्लावदिया वर आली. तिच्या छतातून तिच्या डोक्यावर ठिबकलं होतं. ती भांडायला आली होती, पण त्याआधी तिनं गालावर ओघळलेला थेंब चाटून पाहिला आणि म्हणाली, "पाणी चांगलं जमलंय रे." सरांना आयुष्यात प्रथमच तिचा गळा दाबावासा आणि तिला मिठी मारावीशी, दोन्ही एकदम वाटलं. छताच्या नुकसानीबद्दल तिला एक बरणी द्यावी लागली.

उरलेल्या बरण्या थंड जागी हलवणं भाग होतं. तळघरात प्रत्येक घराला एक खण आहे. सरांच्या खणात एर्गेशोव अध्यक्षांची बर्फावरून घसरायची जुनी फळकुटं होती. ती काढा म्हटल्यावर अध्यक्षांनी अर्ज मागितला. अर्ज दिल्यावर, या इमारतीत अलीकडेच बरण्यांचा स्फोट झाल्याचं समितीच्या कानावर आलं आहे, तेव्हा वस्तू स्फोटक नाही याची समिती आधी खात्री करून घेईल, असं कळवलं. सर जिन्यात उभे राहून ओरडले की काकडी कधीपासून स्फोटक झाली. अध्यक्ष म्हणाले, तेच तर तपासायचं आहे.

समिती आली. म्हणजे अध्यक्ष आले, आणखी दोघं आले. आणि इथे सरांचा खरा घात झाला.

दारात आलेल्या माणसाला तोंडाला काही लावल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे. शत्रू का असेना, पावाचा तुकडा तरी मोडून त्यानं तोंडात टाकायचा आणि मग जायचं. एरवी सगळे पावावर भागवतात. पण अध्यक्षांनी पाव बाजूला सारला आणि तपासणीच करायची तर तपासणीच करू, म्हणून बरणीकडे बोट दाखवलं. बुरुलबाईंनी डाव्या हातानं बरणी पुढे केली. तिघांनी तपासणी इतकी कसून केली की बरणीत लसूण तेवढा राहिला. शेरा असा मिळाला, की वस्तू उत्तम आहे, मात्र अर्जावर तारीख नाही, तेव्हा परत यावं लागेल.

ते परत आले. शिवाय बातमी फुटली. वीजमीटर पाहणारी बाई, पत्रं टाकणारी बाई, चुकून दुसऱ्याच इमारतीत जाणारा माणूस, जो तो सरांच्या दारात उभा राहायला लागला, आणि पाव पुढे केला की पाव नको हो, म्हणायला लागला. एकदा उघडलेली बरणी टिकत नाही, म्हणून ती संपवावीच लागे. सर दाराआड उभे राहून दात खात होते. एकदा त्यांनी उरलेल्या बरण्या कपड्यांच्या कपाटात घालून कुलूप लावलं. बुरुलबाईंनी किल्ली मागितली. सर म्हणाले, या व्याह्यांसाठी आहेत. बाई म्हणाल्या, व्याह्यांसाठी दारातला माणूस कोरड्या तोंडानं घालवायचा का, माझ्या सासूच्या घरात हे कधी झालं नाही. सासू म्हणजे सरांचीच आई. सरांनी किल्ली फेकली. ती दिवाणाखाली गेली आणि त्यांनाच रांगत काढावी लागली.

माहेरपणाच्या दिवसापर्यंत एकच बरणी उरली. हाड नीट जुळलं नाही म्हणून दरम्यान बुरुलबाईंच्या हातावर दुसरं प्लास्टर चढलं होतं, त्यामुळे पुलाव आणि बाकी सगळं रांधायला सरांच्या दोन बहिणी आल्या होत्या. पण काकड्यांना सरांनी कोणालाही हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतः बरणी उघडली, स्वतः चकत्या केल्या आणि बशी स्वतः नेऊन व्याह्यांच्या पुढ्यात ठेवली. पाहुण्यांना खोली पुरत नव्हती. नुरझात डोक्याला सुनेचा पांढरा रुमाल बांधून सामोवारापाशी उभी होती आणि सगळ्यांना चहा देत होती.

शामशी व्याह्यांनी एक चकती घेतली. चावली. थांबले. दुसरी घेतली. मग बशी बायकोकडे सरकवली. काकेनबाईंनी एक तोंडात टाकली आणि लगेच दुसरीवर हात ठेवला. सरांनी पाठ ताठ केली. कितीतरी दिवस ते मनातल्या मनात या क्षणाची उत्तरं घडवत होते. नम्र पण ठसठशीत असं एक उत्तर त्यांनी पक्कं केलं होतं.

व्याह्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. बुरुलबाईंकडे पाहून.

"विहीणबाई, मोडक्या हातानं हे केलंत? आमच्या घरी एवढ्या बरण्या आहेत, पण ही चव नाही. खोटं कशाला बोलू."

सगळ्या आत्या-काकवांनी माना वळवल्या. सर थांबले. आता बुरुल सांगेल. सांगायलाच हवं. बुरुलबाईंनी डाव्या हातानं डोक्याचा रुमाल सारखा केला, बशीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जमलं तसं केलं."

सरांचं नम्र उत्तर जळून गेलं.

"ते मी केलंय!" सर म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. सामोवारापाशी कप वाजला.

शामशी व्याह्यांनी सरांकडे पाहिलं. नजरेत तीच माया होती. त्यांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "व्याही, तुमच्या घरचं मीठ खातोय म्हणून बोलतो, राग मानू नका. बाईचा हात गळ्यात अडकवलेला. तिच्या कष्टावर आपलं नाव लावणं तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला शोभत नाही."

सरांनी भाजलेली बोटं पुढे केली. काकेनबाईंनी ती निरखून पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, यांना किटली धरता येत नाही गं, आमच्या ह्यांचंही असंच. सरांनी सगळी कृती म्हणून दाखवली. शेपू किती, साखर किती, व्हिनेगर कधी, बरण्या पालथ्या का करायच्या. व्याही कौतुकानं मान डोलावत राहिले आणि म्हणाले, सगळं पाठ आहे की हो यांना, म्हणजे जवळ उभे राहून बघत तरी असतील. हताश होऊन सर मुलीकडे वळले. नुरझातला सगळं ठाऊक होतं, ती रोज फोनवर ऐकत आली होती. पण नवी सून सासऱ्याचं म्हणणं चारचौघांत खोडून काढत नाही. ती मान खाली घालून कपात चहा ओतत राहिली, कप भरला तरी.

सरांच्या सख्ख्या बहिणीसुद्धा आतून काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी सांगितलं की त्यांनाही आधी खरं वाटलं नव्हतं.

पाहुणे निघाले तेव्हा काकेनबाईंनी बुरुलबाईंना गळामिठी मारली आणि पुढच्या वर्षी आमच्या घरी येऊन आम्हा सगळ्यांना शिकवा, असं वचन घेतलं. बरणीत राहिलेल्या काकड्या त्या रुमालात बांधून घेऊन गेल्या. बहिणीही गेल्या. घरात उष्ट्या भांड्यांचा डोंगर, सर आणि बुरुलबाई एवढेच उरले.

मग सर बरसले. बाजारापासून सुरुवात केली, पंपावरच्या बादल्या काढल्या, समिती काढली, बोटं पुन्हा दाखवली. भर सभेत मला चोर ठरवलं आणि तू रुमाल सारखा करत बसलीस, असं म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना हे ऐकायची सवय होती.

"लग्न झाल्यापासून दर वर्षी मी काकड्या घालते," त्या म्हणाल्या. "बरण्या येतात, खाल्ल्या जातात, संपतात. कोणाच्या हातच्या, हे आजवर कुणी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. आज पहिल्यांदा एका माणसानं छातीवर हात ठेवून मला विचारलं. मी काय नाही म्हणायचं होतं?"

सर स्टुलावर बसले. बायकोच्या काकड्या आपण वर्षानुवर्षं खाल्ल्या आहेत, तेव्हा त्यांची आणि आपल्या काकड्यांची तुलना करून काहीतरी न्यायाचं बोलावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ती चव आठवून पाहिली. डोळे मिटून आठवून पाहिली. व्याह्यांच्या बोलण्याचा शब्द न् शब्द आठवत होता, बाजारातल्या त्या बाईचा चेहरा आठवत होता. चव काही केल्या येईना.

"बुरुल," शेवटी त्यांनी विचारलं, "तुझ्या काकड्या गोड असतात की आंबट?"

बुरुलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कोशिंबीर खाताना, सर दारोदार बरण्या मागताना, दिवाणाखाली रांगताना, इतक्या दिवसांत त्या एकदाही चिडल्या नव्हत्या.

"भांडी घासा," त्या म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.